थांबवल्याचं कारण

निवृत्तीनंतर तिसऱ्या आठवड्यात आजोबांनी जाहीर केलं की या घरातली सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे फ्रीज, आणि तो बघून बघून त्यांचे डोळे आंबलेत.

"मग खिडकीतून बघा की, बाबा," आई म्हणाली.

"खिडकीतून समोरची भिंत दिसते. तिच्यात थंड पाणीसुद्धा नाही."

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, चौतीस वर्षं क्रेन चालवत होते. उंच इमारत बांधताना जिराफासारखी मान काढून उभी असते ना, ती क्रेन. तिच्या मानेशी एक काचेची खोली असते, आमच्या न्हाणीघरापेक्षा लहान. सकाळी शिडीने वर चढायचं, संध्याकाळी उतरायचं, आणि दिवसभर लांब बघायचं. शेवटची काही वर्षं ते जमिनीवर राहून नव्या लोकांना शिकवत होते, पण तेव्हाही मान वरच. अशा माणसाला अडुसष्टाव्या वर्षी एकदम फ्रीजसमोर आणून बसवलं तर तो काय करणार?

तो गच्चीत जाऊन खालच्या लोकांच्या गाड्या लावायला लागला. म्हणजे हातांनी. तिसऱ्या मजल्यावरून. कोणी गाडी मागे घेऊ लागलं की आजोबा कठड्याशी उभे राहून खुणा करायचे: थोडं डावीकडे, अजून, हळू, बस. गंमत म्हणजे लोक ऐकायचे. एकदा तळमजल्यावरच्या काकांनी आजोबांचं न ऐकता गाडी लावली आणि कुंडी फोडली. त्यानंतर ते आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत, जणू कुंडी आम्हीच तिथे पेरली होती.

आता माझ्याबद्दल. घरात मला 'पंखा' म्हणतात. हे नाव जुनं नाही, दीड वर्षाचंच आहे. त्याआधी मी शाळेत हजेरीलासुद्धा असं 'हजर' म्हणायचे की बाई मला गैरहजर लावायच्या. मग वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत मैत्रिणीने माझं नाव थट्टेने दिलं, मला उभं राहून चार वाक्यं बोलावी लागली, आणि मी चक्क निवडून आले. त्या दिवशी मला दोन शोध लागले. एक, मला बोलता येतं. दोन, बोलताना माझे हात माझ्या आधी सुटतात. तेव्हापासून घरातले तीन पेले, एक फुलदाणी आणि आईचा चष्मा माझ्या मुद्द्यांच्या आड आलेत.

"पंखा बंद कर आणि जेव," असं आई रोज एकदा तरी म्हणते.

तर आजोबांची दाढ दुखायला लागली आणि सगळं तिथून सुरू झालं. आमच्या दातवाल्या बाई पन्नाशीच्या, दणकट आणि फार बोलक्या. समोरच्याचं तोंड उघडं असल्यामुळे त्यांना कोणी अडवू शकत नाही. त्यांच्या खुर्चीत बसलेली माणसं खुर्चीचे हात आवळून धरतात. आजोबांचे हात मांडीवर निवांत पडले होते. ड्रिल चालू असताना आजोबा खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होते.

"किती लांब असेल हो ती टाकी?" बाईंनी सहज विचारलं.

आजोबांच्या तोंडात कापूस. त्यांनी बोटांनी सांगितलं. सहा, मग दोन, मग चार.

बाईंनी ड्रिल बंद केलं. "सहाशे चोवीस मीटर? माझ्या दुर्बिणीत सहाशे वीस येतं! तुम्ही रविवारी आमच्या क्लबात या. नुसते या. तोंड उघडं ठेवा अजून."

असे आजोबा लांब पल्ल्याच्या रायफलबाजीत शिरले. आईला ही बातमी जेवताना कळली आणि तिचा घास हातातच राहिला.

"बंदूक? या वयात?"

"रायफल. आणि ती क्लबातच राहते, कुलुपात. मी फक्त रविवारी भेटायला जाणार."

"आणि ती उभं राहून मारतात की बसून?"

"पालथं पडून."

"बाबा! पालथं पडायचं वय आहे का हे?"

"ते मी सहाव्या महिन्यातच शिकलोय," आजोबा म्हणाले. "विसरलो असेन तर परत जमेल."

मी इतकी हसले की पेला पडला. चौथा.

आईने परवानगी दिली, पण अटी घातल्या: गुडघ्यांखाली जाड गादी, डोक्यावर टोपी, आणि सोबत पंखा, म्हणजे मी, लक्ष ठेवायला. मला रविवारी सकाळी झोप सोडून म्हाताऱ्या माणसांना पालथं पडलेलं बघायची काही हौस नव्हती. पण पहिल्याच रविवारी क्लबात एक मोकळी दुर्बीण मिळाली आणि माझी हौस उठून बसली.

तुम्ही नऊशे मीटर कधी बघितलंय का? म्हणजे चालत जायला दहा-अकरा मिनिटं लागतील एवढं अंतर, मधे नुसतं गवत आणि ठिकठिकाणी काठ्यांवर लाल कापडी निशाणं. पलीकडे मातीचा उंच बांध आणि त्याच्यासमोर टार्गेटांची रांग. प्रत्येक टार्गेट आमच्या दारापेक्षा मोठं, पण इथून दिसतं शर्टाच्या बटणाएवढं. गोळी सुटली की पोचायला दीड सेकंद लागतो. दीड सेकंदात आई तीन सूचना देते! तेवढ्या वेळात वाऱ्याने नुसती फुंकर मारली तरी गोळी हातभर बाजूला जाते. मग टार्गेट खाली जातं. तिथे खंदकात बसलेले लोक भोक शोधतात, त्यावर चकती लावतात, आणि टार्गेट गुणांची पाटी घेऊन वर येतं. मधोमध परातीएवढ्या वर्तुळात लागली तर दहा, बाहेर सरकत गेलं की नऊ, आठ, सात.

रायफलला एक चक्री असते. एक टिक फिरवली की तिकडे गोळी चार बोटं सरकते. किती टिका आणि कुठल्या बाजूला, हे वारा ठरवतो. म्हणून नव्या माणसाला शेजारी एक सोबती घ्यायची मुभा असते, जो दुर्बिणीतून वारा बघतो आणि सांगतो.

आजोबांचं दुखणं नेमकं इथे होतं. हात दगडासारखा स्थिर, श्वास शांत, पण कान चौतीस वर्षांच्या इंजिनाने खाऊन टाकलेले. त्यावर क्लबाचे जाड कर्णरक्षक. सोबती ओरडायचा "उजवीकडे चार!" आणि आजोबा छान हसून मान डोलवायचे आणि काहीच करायचे नाहीत.

इथे एक नियम सांगायला हवा, कारण आजोबांचा जीव त्यातच अडकला होता. नऊशे मीटरचा बिल्ला दहा गोळ्यांत शंभरापैकी ऐंशी गुण मिळवले की मिळतो. तो एकदा मिळाला की डॉक्टर हो म्हणेल तोवर लांबच्या रेषेवर जाता येतं. पण सत्तर पूर्ण झाल्यावर नव्याने बिल्ला देत नाहीत. मग फक्त शंभर मीटर.

"शंभर मीटर म्हणजे मोठा फ्रीजच की," आजोबा म्हणाले होते.

दोन वेळा प्रयत्न झाले. पहिल्यांदा एकाहत्तर, दुसऱ्यांदा शहात्तर. आता हंगामातली शेवटची परीक्षा एका रविवारी होती आणि आजोबांचा सत्तरावा वाढदिवस त्यानंतरच्या मंगळवारी. घरी ते काही बोलत नसत, पण मी त्यांना रात्रीच्या जेवणानंतर फ्रीजकडे बघत बसलेलं पाहिलं होतं. ते बघणं बरं नव्हतं.

परीक्षेच्या पाच आठवडे आधी मी मोकळ्या दुर्बिणीतून उगाच बघत होते. ऊन तापलं की जमिनीवरून वाफ उठल्यासारखी हवा हलते ना, ती दुर्बिणीत नदीसारखी वाहताना दिसते. ती डावीकडून उजवीकडे चालली होती आणि बघता बघता मंदावली. मी ओरडले, "आजोबा, वारा पडला!" आजोबा अर्थातच छान हसले. मग मी त्यांच्यासमोर हात धरला आणि अंगठ्याने उजवी बाजू दाखवून तीन बोटं वर केली.

आजोबांचं हसू थांबलं. त्यांनी मुकाट चक्री तीन टिका उजवीकडे फिरवली, नेम धरला आणि गोळी सोडली. दहा!

उठल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या गावची भाषा बोलले होते. "ही खूण तुला कोणी शिकवली?"

"तुम्हीच. गच्चीतून. रोज."

त्यानंतर आमच्या घरात शिकवणी सुरू झाली. क्रेनच्या सगळ्या खुणा. मूठ बंद करून वर धरली म्हणजे जरा धरून ठेव. हात पोटाशी गुंफले म्हणजे काम संपलं. आणि सगळ्यात मोठी खूण: दोन्ही हात बाजूंना, खांद्यांच्या रेषेत, ताठ पसरायचे. म्हणजे पूर्ण थांब.

"ही कोणीही करू शकतं," आजोबांनी सांगितलं. "साहेब, मजूर, पाणी द्यायला आलेला माणूस. दिसली की वरच्याने थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. आणि ज्याने थांबवलं तो स्वतः येऊन कारण सांगेपर्यंत पुन्हा हलायचं नाही."

"आणि कोणी उगाच थांबवलं तर? ओरडायचं नाही त्याला?"

"कधीच नाही. एकदा ओरडलीस की पुढच्या वेळी तो हात उचलायच्या आधी विचार करत बसेल. तेवढ्यात लोखंड डोक्यात."

कपाटात त्यांच्या जुन्या वह्या होत्या, छापील रकान्यांच्या. कधी थांबवलं, कोणी थांबवलं, कारण, पुन्हा सुरू करायला हरकत. मी त्या कथेच्या पुस्तकासारख्या वाचल्या. कारण: जोराचा वारा. कारण: साखळी तपासणे. कारण: खाली मांजर. आणि एका पानावर, कारण: मुकादमाची शिंक. मुकादम एवढ्या जोरात शिंकला की त्याचे हात पसरले, आणि आजोबांनी सिमेंटची अख्खी बादली अर्ध्या आकाशात वीस मिनिटं लटकत ठेवली, कारण मुकादमाला वर चढून यायला तेवढा वेळ लागला.

"फोन करायचा ना त्याने!"

"स्वतः येऊन," आजोबा म्हणाले. "आणि तू, पंख्या, माझ्यासमोर असताना हात मांडीवर. गरज असेल तेव्हाच उचल."

"होऽऽ," मी म्हणाले, आणि हे सांगतानाच माझा हात दिव्याला लागला.

परीक्षेच्या रविवारी आई आम्हाला सोडायला आली आणि मागच्या कुंपणाशी खुर्ची टाकून बसली. तिने पुस्तक आणलं होतं. ते उलटं धरलंय हे मी तिला सांगितलं नाही.

क्लबाच्या नियमांचे राजे म्हणजे शिट्टीमास्तर. बारीक, वाळके, गळ्यात शिट्टी, आणि घड्याळाशी सोयरीक. त्यांनी आजोबांना पुन्हा सगळं वाचून दाखवलं: आधी सरावाच्या दोन, मग गुणांच्या दहा, पंधरा मिनिटं, घड्याळ कोणासाठी थांबणार नाही. हातांच्या खुणांना त्यांनी लेखी परवानगी दिली होती, तीन सह्यांची.

शेजारच्या गादीवर दातवाल्या बाई पडल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या सरावासाठी. "काय क्रेनवाले," त्या ओरडल्या, "आज दाढ काढायचीच ना?"

आजोबा छान हसले. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

ते गादीवर पडले. मी त्यांच्या डावीकडे स्टुलावर, दुर्बिणीला डोळा लावून. दर गोळीनंतर ते मान वळवून माझ्या हातांकडे बघणार, मी गुण सांगणार, मग टिका सांगणार. वारा डावीकडून, मऊ. मी डावीकडे चार सांगितल्या. सरावाच्या दोन गेल्या आणि शिट्टी वाजली.

सात. आठ. नऊ. माझी बोटं मला स्वतःलाच फार हुशार वाटायला लागली. मग आठ. पाचव्याला मी वाऱ्यापेक्षा घाई केली आणि सहा आला. आजोबांनी माझी सहा बोटं बघितली, पापणीसुद्धा हलवली नाही, परत डोळा रायफलला लावला. सहावी, आठ.

सातवीच्या आधी मी खूप वेळ ती वाहती हवा बघितली आणि एकच टिक कमी केली. गोळी सुटली. टार्गेट खाली गेलं, वर आलं. चकती मधोमध. म्हणजे अगदी मधोमध, कोणी पट्टीने मोजून लावावी अशी! पाटीवर दहा.

आणि मी काय केलं? स्टुलावरून अर्धी उठले आणि दोन्ही हात फेकले. बाजूंना. खांद्यांच्या रेषेत. ताठ.

आजोबा त्याच क्षणी माझ्याकडे वळले होते.

त्यांचा चेहरा बदलला नाही, पण हात बदलले. त्यांनी रायफलचा बोल्ट मागे ओढला, आत गेलेलं काडतूस काढून गादीवर ठेवलं, रिकाम्या जागेत सुरक्षेची पिवळी पट्टी खोचली, रायफल खाली टेकवली आणि दोन्ही तळवे जमिनीवर सपाट ठेवले. मग माझ्याकडे बघत राहिले. काम बंद!

"नाही, नाही, आजोबा, मारा!" मी ओरडले. त्यांनी छान हसायलाही नकार दिला. मी टार्गेटकडे बोट दाखवलं, मी गोळी मारल्याची नक्कल केली, मी हात जोडले. त्यातली एकही खूण क्रेनच्या पुस्तकात नाही. आजोबा वाट बघत होते.

"सहा मिनिटं तीस," शिट्टीमास्तरांनी आकाशाला सांगितलं.

मागे आईचं पुस्तक पडल्याचा आवाज आला.

स्वतः येऊन. मला आठवलं. मी स्टूल सोडून उठले.

"उभं राहायचं नाही!" शिट्टीमास्तर. "रेषेवर कोणी उभं राहायचं नाही!"

मग मी रांगले. तीन मीटर. ज्या मुलीने आठवड्यापूर्वी अख्ख्या शाळेसमोर माइक हातात घेतला होता, ती दातवाल्या बाईंच्या बुटांजवळून गुडघ्यांवर चालली होती, आणि डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून नाक वर ओढत होती. छप्पन गुण झाले होते. तीन गोळ्यांत चोवीस हवे होते. आणि मी थांबवलं होतं. मीच!

आजोबांजवळ पोचले आणि त्यांच्या डाव्या कानावरचं कर्णरक्षक बोटभर उचललं.

"पुढे कोणी आलंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"रायफलचं काही दिसलं?"

"नाही, आजोबा."

"मग?"

"दहा आले," मी म्हणाले. आवाज असा निघाला की शाळेतल्या बाईंनी गैरहजर लावावं. "मला आनंद झाला. हात आपोआप गेले. सॉरी. खरंच सॉरी. वेळ चाललाय."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, निदान एक काम उरकलं असतं.

"बरं," ते म्हणाले. "कारण कळलं. आता जागेवर जा, आणि चालू करायचं तेव्हा सांग."

"आत्ताच करा!"

"तू दुर्बिणीत बघितलंस का?"

मी नव्हतं बघितलं.

"मग बघ आणि सांग," असं म्हणून त्यांनी कर्णरक्षक कानावर परत बसवलं.

मी उलटी रांगत स्टुलाशी आले. "चार पन्नास," शिट्टीमास्तर म्हणाले. मी दुर्बिणीला डोळा लावला आणि आधी काहीच दिसलं नाही, कारण काच ओली झाली होती. काच नाही, डोळा. पुसला. आणि बघते तर माझी नदी थांबली होती. हवा वाहत नव्हती; जागच्या जागी उकळत होती, सरळ वर. लाल निशाणं काठ्यांना चिकटून लोंबत होती.

शेजारी दातवाल्या बाईंनी गोळी सोडली. त्यांच्या टार्गेटवर चार आले. बाई वीस वर्षांच्या मुरलेल्या, चार! त्यांच्या तोंडून असा शब्द निघाला जो दवाखान्यात त्या कधी वापरत नसतील.

म्हणजे वारा फिरत होता. आत्ता काही सांगितलं तर नुसता अंदाज, पाचव्या गोळीसारखा. थांबलं तर वेळ जाणार. आणि नुकताच एक मिनिट चाळीस सेकंदांचा चुराडा केलेल्या मुलीने आजोबांना अजून थांबवायचं?

माझ्या आत दोघी होत्या. वर्गप्रतिनिधी म्हणत होती, सांगून टाक काहीतरी, ठासून सांग. आणि ती जुनी, हजेरीला न ऐकू येणारी, म्हणत होती, तू गप्प बस, तुला काही कळत नाही. दोघींचंही ऐकावंसं वाटलं नाही. हवा उकळत होती, एवढं मला दिसत होतं. मी उजवा हात वर केला आणि मूठ बंद केली. धरून ठेव.

आजोबांनी मूठ बघितली. घड्याळाकडे बघितलंच नाही. हनुवटी गादीवर टेकवली आणि धरून ठेवलं.

"चार मिनिटं," शिट्टीमास्तर म्हणाले. त्यांना माझ्या मुठीकडे बघवत नव्हतं. "साडेतीन."

"पंख्या!" आई कुंपणाजवळून. "अगं, काय करतेयस?"

मी मूठ हलवली नाही. हात दुखायला लागला. तीन मिनिटं. सर्वात लांबचं निशाण जरासं थरथरलं, मग त्याच्या अलीकडचं. अडीच. आणि मग दुर्बिणीतली उकळी हळूच एका बाजूला कलली, उजवीकडून डावीकडे. पूर्ण उलटी! मी तिला दहा श्वास दिले. ती तशीच राहिली.

आता उजवीकडे सात टिका सांगायच्या होत्या. सात म्हणजे दोन्ही हात. मी कोपरं बरगड्यांना एवढी घट्ट चिकटवली की खार बसल्यासारखी दिसत असेन, आणि छातीपाशी अंगठा आणि सात बोटं दाखवली.

पिवळी पट्टी निघाली. चक्री फिरली. "दोन दहा," शिट्टीमास्तर म्हणाले, आणि गोळी सुटली.

नऊ!

मी नऊ दाखवले, बरगड्यांशी. दुसरी गेली. टार्गेटने वर यायला वर्ष लावलं. सात. बहात्तर झाले. शेवटची आठ हवी होती. मी पुन्हा हवा बघितली. एक टिक अजून. एक बोट.

"तीस सेकंद."

आजोबांची पाठ एकदा वर आली, अर्धी खाली गेली आणि थांबली. गोळी सुटली. मी हातांवर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली, स्टुलाला चिकटवून, जगात काहीही झालं तरी सोडायचे नाहीत म्हणून.

टार्गेट खाली. टार्गेट वर.

मागे आई किंचाळली, पण तिला एवढ्या लांबचं काय दिसणार, ती नुसतीच किंचाळली. आजोबांनी रायफल रिकामी केली, पट्टी खोचली आणि मान वळवली. एवढ्या लांबची पाटी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यांना दिसतात माझे हात. आणि मी हातांवर बसले होते. आमची नजर भेटली. त्यांनी भुवया वर केल्या.

मी घाईघाईने हात ओढले. कोपरं बरगड्यांना. नऊ बोटं.

आजोबांनी ती मोजली. मी त्यांना बघत होते: ते ओठ न हलवता मोजत होते. मग त्यांनी पालथ्या अवस्थेतच दोन्ही हात पोटाकडे घेतले, जेवढे गादी आणि पोटाच्या मधे मावतात तेवढे, आणि बोटं गुंफली. काम संपलं.

शिट्टीमास्तरांनी एक्क्याऐंशी लिहून सही केली, मग ती सही पुन्हा तपासली. दातवाल्या बाईंनी आजोबांच्या पाठीवर अशी थाप मारली की कवळी असती तर निघाली असती. "वारा फिरत होता, तेव्हाच कसे थांबलात हो? मला चार देऊन गेला तो!"

"मला थांबवलं होतं," आजोबा म्हणाले.

आईने त्यांच्या कोपरावरची माती झटकली, दोनदा, तीनदा, माती गेल्यावरही. "आता मंगळवारनंतरसुद्धा दर रविवारी हे?" तिने विचारलं.

"डॉक्टर हो म्हणेल तोवर."

"कोणता डॉक्टर? ही दातवाली?"

घरी येताना गाडीत आजोबा मागे माझ्या शेजारी बसले. त्यांनी पिशवीतून वही काढली. जुन्या कामावरची, छापील रकान्यांची, एक कोरी उरलेली. पहिल्या पानावर आजची तारीख होती. एका ओळीत त्यांनी लिहिलं होतं: धरून ठेवलं, दोन मिनिटं चाळीस सेकंद. कारण: वारा. त्याच्या वरची ओळ: पूर्ण थांबवलं, एक मिनिट चाळीस सेकंद. थांबवणारी: नात. कारणाचा रकाना रिकामा होता. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"हे थांबवणाऱ्याने लिहायचं असतं."

मी 'चूक' लिहायला घेतलं. 'चू' झाला तोच त्यांनी वहीवर बोट ठेवलं.

"मुकादमाने काय लिहिलं होतं?"

"शिंक."

"मग? हात कशाने उचलले गेले ते लिही."

मी खोडलं. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा लिहिलं: आनंद. अक्षर जरा वेडंवाकडं आलं.

आजोबांनी वही लांब धरून वाचली, कारण जवळचं त्यांना आता नीट दिसत नाही. मग माझ्या हातातून पेन घेतलं, आणि शेवटच्या रकान्यात, जिथे 'पुन्हा सुरू करायला हरकत' असं छापलेलं असतं, तिथे लिहिलं: नाही.